आवाजाच्या दोन जागा

सोमवार, ४ मार्च

कॉम्प्युटर गेला. सकाळी ह्यांनी बटण दाबलं, आतला पंखा घरघरला, स्क्रीनवर एक निळी रेघ आली आणि मग सगळं काळं. मी तीनदा वायर काढून लावली, चौथ्यांदा पेटीवर थाप मारली. आमच्या ऑफिसातलं छपाईचं मशीन थाप मारली की चालू होतं, म्हणून. हा झाला नाही.

म्हणजे ह्यांचा आवाज गेला. दुसऱ्यांदा.

लिहून ठेवते, कारण घरात आता मी सोडून कोणी बोलत नाही आणि ऑफिसात दिवसभर मी इतरांचंच ऐकते. पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर अठ्ठावीस वर्षं झाली. ही वहीसुद्धा तिथलीच, रद्दीत निघालेली तक्रार नोंदवही. एका पानावर 'तक्रारीचे स्वरूप', समोरच्या पानावर 'केलेली कार्यवाही'. मी दोन्ही पानांवर तक्रारच लिहिणार आहे.

दोन वर्षांपूर्वी आजारपणात ह्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून गळ्याला भोक आहे, श्वास तिथून, वर कापडाची झडप. ऑपरेशनच्या आधी ह्यांच्या बहिणीच्या मुलाने शोधून काढलं की माणसाचा आवाज आधी भरून ठेवता येतो. कंपनीने पाठवलेली तीनशे वाक्यं ह्यांनी चार दुपारी आतल्या खोलीत बसून वाचली. मी दाराबाहेर स्टूल टाकून पहारा देत होते, कोणी बेल वाजवू नये म्हणून. 'बाकावर पिवळी छत्री राहिली आहे', 'आज वारा उत्तरेकडून वाहतो', असली वाक्यं. त्यातून कंपनीने आवाज तयार केला. हे टाइप करतात आणि कॉम्प्युटर ह्यांच्या आवाजात बोलतो. बोलायचा.

तीस वर्षं ह्यांनी लोकांना गाडी शिकवली. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. शेजारच्या सीटवर बसायचं, पाय जादा ब्रेकवर ठेवायचा आणि तोंडाने म्हणायचं, सावकाश, घाई नाही. अख्ख्या जगासाठी ह्यांना घाई नव्हती. घरी यायचे तेव्हा दमलेले असायचे, मग बोलणं मोजकंच. मी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही.

बुधवार, ६ मार्च

भाचा आला. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पेटी उघडून आत बॅटरी मारून बघितलं आणि मान हलवली. मुख्य कार्ड जळलंय म्हणाला.

मी म्हटलं, मग नवीन घेऊ. सॉफ्टवेअरबरोबर जे परवान्याचं कार्ड आलं होतं ते मी फाइलमध्ये लावून ठेवलंय. त्यावर स्वच्छ लिहिलंय, एक परवाना, दोन कॉम्प्युटर. एक मेला, दुसऱ्यावर टाकायचं, विषय संपला. भाचा का कोण जाणे स्क्रूड्रायव्हर पुसत बसला. त्याने मामाकडे पाहिलं. मामा खिडकीबाहेर बघत होते.

मग म्हणे, मामी, घाई काय आहे, हाच दुरुस्त होतो का बघतो, महिनाभर द्या. म्हटलं, महिनाभर तुझ्या मामाने मुक्यासारखं राहायचं का? ह्यांनी पॅडवर लिहिलं, 'मला चालेल.' ह्यांना काय, सगळंच चालतं. म्हणून तर सगळं मला बघावं लागतं.

शनिवार, ९ मार्च

नवा कॉम्प्युटर आला. भाच्याला बोलावलं तर दुकानात काम आहे म्हणाला. मग मीच बसले. आमच्या खिडकीवर संगणकीकरण झालं तेव्हा पाच दिवसांच्या प्रशिक्षणात पहिली आले होते मी, एवढं सॉफ्टवेअर टाकणं काही अवघड नाही. कंपनीच्या साइटवर गेले, उतरवून घेतलं, परवान्याचा पंचवीस अक्षरी क्रमांक चष्मा लावून एकेक अक्षर टाकला. हिरवी पट्टी सरकत सरकत टोकाला गेली. हे मागे उभे होते. मी म्हटलं, बघा, झालंच.

आणि पाटी आली: 'या परवान्याच्या दोन्ही जागा भरलेल्या आहेत.'

दोन्ही? एक आमचा मेलेला कॉम्प्युटर. दुसरी जागा कोणी भरली? मी वळून ह्यांना विचारलं. हे पॅड आणायला आत गेले. तेवढ्यात समोरच्या बाई आल्या, कसे आहेत भाऊ विचारायला, आणि मी त्यांना सांगत बसले. ह्यांच्या वतीने मीच सांगते. हे टाइप करणार, समोरचा ताटकळणार, बरं दिसत नाही. ह्यांच्या मनात काय आहे ते मला वाक्य पुरं व्हायच्या आधी कळतं, बत्तीस वर्षं संसार केलाय. म्हणूनच जुन्या कॉम्प्युटरवर मी चोवीस बटणं करून दिली होती. 'मी बरा आहे, आभारी आहे.' 'औषध घेतलं.' 'भूक नाही.' 'दार लाव.' एक बोट दाबलं की झालं. हेही तेवढंच वापरायचे, टाइप करायच्या भानगडीत पडायचे नाहीत.

बाई गेल्या तोवर हे आत आडवे झाले होते.

सोमवार, ११ मार्च

आज कळलं की तक्रार खिडकीच्या पलीकडे उभं राहणं म्हणजे काय.

दुपारी ऑफिसातूनच कंपनीला फोन लावला. वीस मिनिटं सनई ऐकवली. मग एक बाई आली, आवाज गोड. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "परवाना ज्यांच्या नावावर आहे त्यांना फोन द्या. खातरजमा त्यांच्याशी बोलूनच होते."

"ते बोलू शकत नाहीत," मी म्हटलं.

"मग ते बोलू शकतील तेव्हा फोन करा."

मी तिला सांगितलं की अहो, बोलू शकत नाहीत म्हणूनच तुमचं सॉफ्टवेअर घेतलंय. तुम्ही विकता काय ते तरी माहीत आहे का? ती म्हणाली नियम आहे. तिचा सूर मला ओळखीचा वाटला, मग लक्षात आलं, माझाच आहे. मीसुद्धा असंच म्हणते, नळ ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच पाठवा. मेलेल्या माणसाच्या नावावरचा नळ असला तरी.

तिच्या वरच्याला मागितलं. तो बरा निघाला. खात्याला फोन नंबर कोणाचा आहे म्हणाला. माझाच, सगळं मीच भरलं होतं. त्यावर सहा आकडी कोड आला, तो सांगितला आणि मी ह्यांची मालकीण झाले.

त्याने सांगितलेलं नीट लिहून ठेवते. पहिली जागा: घरचा कॉम्प्युटर, चार तारखेपासून बंद. ती जागा त्याच कॉम्प्युटरवरून मोकळी करता येते, आणि तो मेला असेल तर नव्वद दिवस थांबायचं. दुसरी जागा: कुठला तरी कॉम्प्युटर, नावाच्या जागी नुसती अक्षरं आणि आकडे. सव्वा वर्षापासून सोमवार ते शुक्रवार वापर, दुपारी तीन ते पाच. ती जागा मात्र मला साइटवरून मोकळी करता येईल, कोड टाकून. पण जपून, वर्षभरात बदल फक्त दोन.

मी विचारलं, शेवटचा वापर कधीचा?

"आत्ता चालू आहे," तो म्हणाला.

घड्याळात पावणेचार झाले होते. खिडकीवर रांग होती. त्या क्षणी कुठेतरी कोणीतरी माझ्या नवऱ्याच्या आवाजात बोलत होतं, आणि मी एका माणसाला तुमच्या भागात पाणी कधी येईल ते सांगत होते.

मंगळवार, १२ मार्च

सॉफ्टवेअर पहिल्यांदा टाकलं कोणी? भाच्याने. क्रमांक कोणाला ठाऊक? भाच्याला. दुकान कोणाचं उघडं असतं तीन ते पाच? हिशेब सरळ आहे.

ऑफिस सुटल्यावर दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं तरी बोलले. म्हटलं, मामाचा आवाज कोणाला विकलास? जाहिरातीला वापरतोस की कोणाला थट्टेला दिलास? तो लाल झाला. गिऱ्हाइकाला बाहेर बसवून आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मामी, तुम्ही एकदा मामांना विचारा. विचारा आणि मग जरा थांबा."

"त्यांना यातलं काय कळतं?"

"मग मला काही सांगता येणार नाही."

सांगता येणार नाही म्हणजे कबुलीच झाली. मी म्हटलं, कोड माझ्या फोनवर येतो, ती जागा मी मोकळी करणार. तर हात जोडायला लागला. पंधरा दिवस द्या, जुना कॉम्प्युटर जीव तोडून दुरुस्त करतो, पण ती जागा सोडवू नका. चोराला एवढी कळकळ कशाची ते कळत नाही.

जेवताना ह्यांना म्हटलं, तुमचा भाचा तुमचा आवाज वापरतोय कुठेतरी. हे जेवायचे थांबले. हात पुसून पॅड ओढलं आणि लिहिलं, 'तो तसा नाही.' पुढे लिहायला लागले. मी म्हटलं, राहू द्या, तुम्ही त्याचीच बाजू घेणार, मला माहीत नाही का. आणि ताटं उचलली. आवरून झाल्यावर पॅडवर पाहिलं तर दुसऱ्या ओळीत नुसतं 'मीच' एवढं लिहून सोडलेलं. मीच बघतो, असंच असणार. हे बघणार म्हणजे झालंच.

शुक्रवार, १५ मार्च

अकरा दिवस झाले.

खरं लिहायचं तर मला कोणाची सोय बघायची नाही, मला तो आवाज हवाय. 'दार लाव' म्हणाले तरी चालेल. ऑपरेशनच्या आधी इतकी धावपळ होती की माझ्या फोनवर ह्यांचा एकही निरोप मी ठेवला नाही. तीनशे वाक्यं ह्यांनी कंपनीसाठी वाचली, माझं नाव त्यांत नव्हतं. नंतर चोवीस बटणं मी केली, त्यातही मी माझं नाव घातलं नाही. लाज वाटली. आपणच आपल्या नावाचं बटण करून नवऱ्याला दाबायला द्यायचं?

हे मजेत आहेत. दुपारी तीनच्या आत फिरायला जातात, साडेपाचला येतात; रजेच्या दिवशी घरी असते तेव्हा बघते. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. फिरायला जाणारा माणूस दुपारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून जातो, हे मी ह्यांच्यातच बघितलं. गळ्यावरचं कापड रोज धुतलेलं लागतं. शर्टाच्या उजव्या बाहीला निळ्या मार्करची शाई असते, घासून घासून माझी बोटं झिजली. बागेत बसून कोणाशी तरी लिहून गप्पा मारत असतील. बाहेर गप्पा, घरी 'मला चालेल'.

मागे ड्रायव्हिंग स्कूलचा मालक घरी आला होता. वर्गात बसून नुसते रस्त्याचे नियम शिकवा, कॉम्प्युटरवरून बोला, म्हणत होता. मी दारातच नाही म्हटलं. त्या रस्त्यावरची धूळ गळ्यात गेली तर? आणि वर्गातले लोक तोंडाकडे बघून हसले तर? शोभेचा माणूस करून बसवू नका त्यांना, म्हटलं. हे माझ्या मागेच उभे होते. कॉम्प्युटर तेव्हा चालू होता, बोलायचं असतं तर बोलले असते.

बुधवार, २० मार्च

केलं एकदाचं.

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. हे बाहेर गेलेले, म्हटलं परत येतील तेव्हा तयार असू दे. तीन पस्तीसला साइट उघडली. 'ही जागा मोकळी करायची का? त्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर लगेच बंद होईल.' होऊ दे. कोड आला, टाकला. भाच्याच्या दुकानातला, नाहीतर ज्या कोणा फुकट्याचा असेल त्याचा, आवाज बोलता बोलता बंद पडला असेल तर बरंच झालं, असं मनात आलं. तेही लिहून ठेवते.

मग आमच्या नव्या कॉम्प्युटरवर तोच पंचवीस अक्षरी क्रमांक. ह्या वेळी पाटी आली नाही. आवाज उतरला. पाठोपाठ खात्यात साठवलेली वाक्यंही आली. मला वाटलं माझी चोवीस असतील. ती नव्हती, ती मी खात्यात न घालता पेटीतच ठेवली होती, पेटीबरोबर गेली. ही दुसरीच होती, दोनशे बारा.

'आरसा तुमच्यासाठी नाही, मागच्यासाठी आहे.'

'गाडी बंद पडली तर लाजू नका. माझीही पडायची.'

'मागचा हॉर्न वाजवतोय ना, वाजवू दे. त्याला दुसरं काम नाही.'

'ताई, तुम्हाला येतंय. फक्त हात एवढे आवळू नका.'

एकेकावर बोट ठेवलं आणि ऐकलं. तोच आवाज. अगदी शेजारच्या सीटवर बसल्यासारखा. मी खुर्चीत बसून रडले, सांगायला काय हरकत आहे. आणि रागही आला. ही कुठली ताई, जिला येतंय? मला बत्तीस वर्षांत कोणी म्हटलं नाही की तुला येतंय.

ऑपरेशननंतर लगेच, पुन्हा कामावर जायच्या आशेने, ह्यांनी ही लिहून ठेवली असणार. ती आशा तर कधीच संपली. आता समोर दिसली तर जीवाला लागेल. खपली कशाला काढायची? सगळी निवडली आणि पुसली. त्या जागी, ह्या वेळी खात्यातच, माझी चोवीस बटणं पुन्हा केली, आणि हो, पंचविसावं केलं. माझ्या नावाचं.

हे सव्वाचारलाच आले. एवढ्या लवकर कधी येत नाहीत. टोपी हातात होती आणि चेहरा उतरलेला. मी काही विचारायच्या आत बटण दाबून दाखवलं. 'मी बरा आहे, आभारी आहे,' कॉम्प्युटर म्हणाला. ह्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, बराच वेळ. मग आत गेले आणि दार लावून घेतलं.

एवढ्या खटपटीनंतर एक आभाराचा शब्द नाही. तो तर नुसता दाबायचा होता.

गुरुवार, २१ मार्च

कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून ठेवलाय. ह्यांनीच.

शनिवार, २३ मार्च

फिरायला जात नाहीत. दाढी नाही. विचारलं तर पॅडही घेत नाहीत. मी तीन वेळा पॅड हातात दिलं, तिन्ही वेळा कोरंच परत ठेवलं. दुपारी मी स्वतःच पंचविसावं बटण दाबून पाहिलं. माझं नाव कॉम्प्युटरला नीट म्हणता येत नाही. मधलं अक्षर गिळतो. पुन्हा नाही दाबलं.

सोमवार, २५ मार्च

खिडकीवर आज ड्रायव्हिंग स्कूलचा मालक होता. रांगेत उभा राहून आला, अकरावा नंबर. मी सवयीने विचारलं, भाग कुठला? तो म्हणाला, "तक्रार नाही, वहिनी. मास्तर बरे आहेत ना? बुधवारपासून आले नाहीत."

मी म्हटलं, कुठे आले नाहीत?

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग मागच्या माणसाला पुढे जा म्हणाला आणि बाजूच्या दारातून आत आला. उभ्यानेच सांगितलं. सव्वा वर्षापासून मास्तर रोज तीनचा वर्ग घेतात. भाच्याने स्कूलच्या कॉम्प्युटरवर आवाज बसवून दिला. मास्तर फळ्यावर निळ्या मार्करने रस्ते काढतात आणि बोलायचं ते टाइप करतात. रोज लागणारी वाक्यं त्यांनी साठवून ठेवली आहेत, हळूहळू करत दोनशेच्या वर. लोक लांबून येतात, म्हणाला. गाडीला घाबरणारे खास. तुम्हाला मास्तर आपणच सांगणार होते, म्हणून आम्ही कोणी काही बोललो नाही.

"आणि बुधवारी?" मी विचारलं. मला माहीत होतं तरी विचारलं.

"चौदा जण होते वर्गात. गोल चौकात आधी कोणी जायचं ते चाललं होतं. वाक्य अर्ध्यात तुटलं आणि स्क्रीनवर पाटी आली की ह्या कॉम्प्युटरचा परवाना काढून घेतलाय. मोठ्या पडद्यावर, सगळ्यांसमोर. मास्तरांनी दोन-तीनदा बटणं दाबली. मग फळ्यावर लिहायला गेले. मागे एक जण हसला. मुद्दाम नसेल, पण हसला. मास्तरांनी मार्करला टोपण लावलं, टोपी घेतली आणि गेले."

तो म्हणाला, "यंत्र आहे, व्हायचंच. वाक्यं तरी शाबूत आहेत ना, वहिनी? नाहीतर त्यांना परत पहिल्यापासून करावं लागेल."

मी म्हटलं, बघते. अठ्ठावीस वर्षं हेच म्हणत आले, बघते.

घरी येईपर्यंत मनात स्वतःची बाजू मांडत होते. मला सांगितलं असतं तर? चोरून कशाला जायचं? मी काय खाल्लं असतं का? पण मालक दारात आला होता तेव्हा मी काय म्हटलं होतं ते याच वहीत माझ्याच हाताने लिहिलेलं आहे.

मंगळवार, २६ मार्च

ह्यांना सांगितलं. जागा मी सोडवली, वाक्यं मी पुसली, सगळी, परत येत नाहीत, कंपनीला विचारून झालं. हे ऐकत होते. दोनशे बारा म्हटलं तेव्हा डोळे मिटले.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? बऱ्याच दिवसांनी पॅड घेतलं. लिहिलं, 'सांगायला बसलो की तू पुरं करतेस.'

मदत करायची नाही का माणसाने? वाक्य रेंगाळतं, समोरचा बिचारा अक्षरं शोधतो, ते बघवत नाही म्हणून मी पुढचं बोलते. ते प्रेमच ना? हे सगळं मी ह्यांना सांगितलंही. सांगून झाल्यावर लक्षात आलं की हे केव्हाचे पेन धरून बसले होते.

गुरुवार, २८ मार्च

भाच्याशी फोनवर बोलले. माफी मागायची माझी पद्धत म्हणजे जेवलास का विचारायचं. तो जेवलो म्हणाला. वर्षातला दुसरा आणि शेवटचा बदल बाकी आहे. जूनमध्ये मेलेल्या कॉम्प्युटरची जागा मोकळी होईल, पण तिथे दुसरा कॉम्प्युटर जोडणं हाही बदलच धरतात. म्हणजे वर्षभर आवाज एकाच ठिकाणी. घरी किंवा स्कूलमध्ये.

मी म्हटलं, मामांना विचारते. आणि विचारलं. विचारून गप्प बसले. अवघड गेलं, पण बसले. ह्यांनी लिहिलं, 'शनिवारी स्कूलमध्ये ये. फोन घेऊन.'

शनिवार, ३० मार्च

पहिल्यांदा तो वर्ग पाहिला. चौदा-पंधरा खुर्च्या, भिंतीला खुणांचा तक्ता, पांढऱ्या फळ्यावर निळा गोल चौक अजून तसाच, एक बाण अर्धा काढलेला. मालक म्हणाला, कोणाला पुसू दिला नाही. भाचा कॉम्प्युटरसमोर होता. मला बघून उठला, खुर्ची दिली.

त्याने क्रमांक टाकला. स्क्रीनवर विचारलं, 'हा या वर्षातला शेवटचा बदल आहे. नक्की करायचा का?' माझ्या पर्समध्ये फोन वाजला. सहा आकडे. तिघेही माझ्याकडे बघत होते. नाही म्हटलं असतं तर आवाज घरीच राहिला असता, टॉवेलाखाली का होईना. मला तो ऐकता आला असता, हे नसताना, एकटीला. मी हा विचार केला. बराच केला.

"आणि घरी काय?" मी ह्यांना विचारलं.

ह्यांनी शर्टाच्या खिशातून छोटं पॅड काढलं. सावकाश लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुवाच्य. 'घरी तू बोलतेस ना.'

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते. मी चष्मा लावला आणि आकडे एकेक करून वाचून दाखवले.

हिरवी पट्टी टोकाला गेली. साठवलेल्या वाक्यांत माझी पंचवीस बटणं आली. ह्यांनी ती वरून खाली एकदा पाहिली आणि भाच्याला खूण केली, त्याने पुसली. मग हे खुर्चीत बसले, हात कीबोर्डवर ठेवले आणि टाइप केलं. दोन बोटांनी, पण किती पटपट. घरी मी कधी बघितलंच नव्हतं.

"सोमवारी तीन वाजता. सगळ्यांना कळवा." हे मालकाला.

"तुला फार त्रास झाला माझ्यापायी." हे भाच्याला. भाच्याने तोंड फिरवलं.

मग लगेच वाक्यं साठवायला लागले. पहिलं ऐकलं, 'ताई, तुम्हाला येतंय.' मी बाजूच्या खुर्चीवर बसले होते, शिकायला आलेल्या माणसासारखी, पर्स मांडीवर. दुसरं ऐकलं, तिसरं ऐकलं. मला वाटलं, आता माझ्याशी काहीतरी बोलतील. स्पीकर चालू होता, हात कीबोर्डवरच होते.

ह्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हात कीबोर्डवरून उचलले, पॅड ओढलं आणि लिहून माझ्यासमोर धरलं.

'तू नीघ. मला वेळ लागेल.'

मी वाचलं, मान हलवली आणि निघाले.